ओळख न पटणारी शाई

प्रत्यभिज्ञा म्हणजे पूर्वी पाहिलेलं पुन्हा ओळखणं. 'तोच हा देवदत्त' हे आपलं नेहमीचं उदाहरण. आता माझा प्रिंटर घ्या, हसू नका. परवा तो म्हणाला, कार्ट्रिज ओळखता येत नाही. शाई तर काठोकाठ! पण यंत्र शाई बघतच नाही हो. ते कार्ट्रिजवरची छोटी चिप वाचतं, तांबूस-सोनेरी ठिपक्यांमधून. शाई किती उरली हेसुद्धा बरेच प्रिंटर थेंब मोजून अंदाजानेच सांगतात. म्हणजे देवदत्ताचा चेहरा कोणी पाहत नाही, फक्त ओळखपत्र.

तेव्हा आधी ओळखपत्र वाचता येतंय ना, ते बघायचं. ठिपक्यांवरची संरक्षक पट्टी काढली का? (माझी राहिली होती!) मग ज्याचे धागे सुटत नाहीत असं फडकं डिस्टिल्ड पाण्यात किंचित ओलं करून ठिपके हलकेच पुसा, पूर्ण वाळू द्या, आणि कार्ट्रिज नीट घट्ट बसवा.

तरीही नाही? मग प्रश्न वेगळा. प्रिंटरचं अंतर्गत सॉफ्टवेअर इंटरनेटवरून बदलतं, आणि काल चाललेली दुसऱ्या कंपनीची चिप आज नाकारली जाते. हा बिघाड नव्हे, नकार आहे. तिथे फडकं काय करणार? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली लेक्समार्कच्या टोनर कार्ट्रिजच्या खटल्यात सांगितलं, की वस्तू एकदा विकली की तिच्यावरचा विक्रेत्याचा पेटंट-हक्क संपतो. वस्तू तुमची झाली. पण यंत्राने ती स्वीकारलीच पाहिजे, असं काही त्यात नाही. म्हणून प्रिंटर घेताना दुकानदाराला किंमत नंतर विचारा, आपोआप होणारं अपडेट बंद करता येतं का ते आधी.