पहिल्या क्रमांकाचे ओझे

हॉकी म्हटले की ग्वाल्हेरकरांच्या डोळ्यांपुढे मोकळे मैदान उभे राहते आणि ध्यानचंदांच्या पाठोपाठ रूपसिंगांचे नाव ओठांवर येते. परंतु कॅनडातील एखाद्या पोराला "हॉकी खेळतोस काय?" असे विचारले, तर त्याच्या मनात गवताची काडीसुद्धा येणार नाही. त्याची हॉकी बर्फावरची. दोनशे फूट लांब आणि पंच्याऐंशी फूट रुंद असे गोठवलेले मैदान, पायांत पोलादी पात्यांचे बूट, चेंडूच्या जागी तीन इंच व्यासाची आणि इंचभर जाडीची टणक रबरी चकती, आणि गोलरक्षक धरून प्रत्येक बाजूला सहा गडी. खेळाचा वेग असा की गडी पाऊण मिनिट जीव तोडून धावतो आणि दम घेण्यासाठी बाकावर परततो; खेळ न थांबता त्याच्या जागी दुसरा उतरतो. प्रतिपक्षाच्या गड्याला अंगाने धडक देणे हे तेथे नियमात बसते.

अशा या दांडग्या खेळात, वयाची अठरा वर्षे पुरी होतात न होतात तोच एका मोठ्या शहराची सारी आशा ज्याच्या खांद्यांवर येऊन पडली, त्या कॉनर बेडार्डची ही हकिकत आहे. तीत पराक्रम पुष्कळ आहे. पण पराक्रमापेक्षाही एक प्रश्न तीत अधिक मोलाचा आहे : अलौकिक गुणाचा एकच मुलगा मोडकळीस आलेला संघ उभा करू शकतो काय?

कॉनरचा जन्म १७ जुलै २००५ चा. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर व्हँकूव्हर शहराला लागून असलेल्या नॉर्थ व्हँकूव्हर या गावी तो वाढला. घरामागच्या अंगणात तासन् तास चकत्या मारीत राहण्याचा त्याला लहानपणापासून छंद. गवयाच्या घरात पोराच्या रियाजाचा आवाज जसा शेजाऱ्यांच्या अंगवळणी पडतो, तसाच जाळ्यावर आदळणाऱ्या चकत्यांचा आवाज त्या घराला सवयीचा झाला असेल. २०१९-२० च्या मोसमात, अठरा वर्षांखालील मुलांमध्ये चौदा वर्षांचा हा मुलगा शालेय संघातून खेळला आणि ३६ सामन्यांत त्याने ४३ गोल केले.

कॅनडात सोळा ते वीस वर्षांच्या मुलांसाठी तीन मोठ्या लीग आहेत. पंधराव्या वर्षी त्यांत पूर्ण मोसम खेळावयाचा, तर 'असाधारण खेळाडू' असा खास दर्जा मिळवावा लागतो. पश्चिमेकडील लीगमध्ये तोपर्यंत कोणालाही न मिळालेला हा दर्जा मार्च २०२० मध्ये कॉनरला मिळाला. मान मोठाच, पण तो फळतोच असे नाही. त्याच्यापूर्वी पूर्वेकडील मुलांना हा दर्जा मिळाला होता. त्यांतील जॉन टाव्हारेस आणि कॉनर मॅकडेव्हिड हे पुढे पहिल्या प्रतीचे खेळाडू झाले. परंतु २०१३ साली तोच शिक्का कपाळी घेऊन आलेला शॉन डे २०१६ च्या निवडीत ८१ व्या क्रमांकापर्यंत खाली गेला. बारा-चौदा वर्षांच्या मुलाला 'अलौकिक' म्हणणे सोपे असते. तो शब्द वागवावा लागतो मुलाला. लहान वयात व्यासपीठावर बसवलेली पोरे आम्हां शिकवणाऱ्यांनी पाहिली आहेत. पुढे आवाज फुटला की टाळ्या वाजवणारे घरी जातात आणि मुलगा एकटा उरतो.

कॉनरचा आवाज मात्र फुटला नाही. तो गेला रेजायना या शहरी. सस्कॅचेवान प्रांताची ही राजधानी मोकळ्या सपाट प्रदेशात वसलेली, आणि तिचा 'पॅट्स' हा संघ १९१७ पासूनचा. २०२१-२२ मध्ये, सोळाव्या वर्षी, त्याने तेथे ५१ गोल केले. त्या लीगमध्ये इतक्या लहान वयात गोलांचे अर्धशतक कोणी गाठले नव्हते. पुढच्या मोसमात तर ५७ सामन्यांत ७१ गोल आणि एकूण १४३ गुण! येथे सांगितले पाहिजे की या खेळात गोल करणाऱ्याला एक गुण मिळतो आणि त्याच्या हाती चकती पोचवणाऱ्या साथीदारांनाही, दोघांपर्यंत, प्रत्येकी एक गुण मिळतो. साथीची अशी लेखी नोंद ठेवणारा खेळ पाहून कोणाही संगीतवाल्याला बरे वाटेल.

या मुलाच्या फटक्यात असे आहे तरी काय? ताकद आहेच, पण खरी मेख निराळी आहे. उभा बांधा जेमतेम पाच फूट दहा इंचांचा, म्हणजे त्या खेळाच्या मानाने लहानच. गोलरक्षक चकती कोठून सुटणार हे पाहून आपली जागा धरतो. सहा फूट रुंद आणि चार फूट उंच गोलाचा शक्य तेवढा भाग त्याला अंगाने झाकायचा असतो. कॉनर फटका मारण्याचा आव आणतो, आणि त्याच क्षणी काठीच्या टोकाने चकती चटकन आपल्या पायांकडे ओढतो. रेषा फूट-दीडफुटाने बदलते. गोलरक्षकाने धरलेली जागा चुकीची ठरते. काठी बर्फावर दाबून धनुष्यासारखी वाकलेली असतेच. ती सरळ होते आणि चकती सुटते. श्रोत्यांनी एका बाजूने समेची वाट पाहावी आणि गवयाने भलत्याच बाजूने येऊन सम गाठावी, तशातला हा प्रकार.

२०२२ च्या नाताळात सुरू झालेल्या वीस वर्षांखालील मुलांच्या जागतिक स्पर्धेत कॅनडाभर त्याचेच नाव होते. स्लोव्हाकियाविरुद्धचा उपान्त्यपूर्व सामना बरोबरीत सुटून जादा वेळेत गेला, तेव्हा प्रतिपक्षाच्या गड्यांतून वाट काढीत त्याने विजयाचा गोल केला. सात सामन्यांत २३ गुण मिळवून तो सुवर्णपदक घेऊनच परतला. वय सतरा.

पण त्याच वर्षी वसंतात दुसरी एक गोष्ट घडली, आणि तिच्याकडे फारच थोड्यांनी लक्ष दिले. रेजायनाचा संघ लीगच्या बादफेरीत सस्काटूनच्या संघाशी भिडला. कॉनरने सात सामन्यांत १० गोल केले, एकूण २० गुण मिळवले. आणि रेजायनाचा संघ पहिल्याच फेरीत चार विरुद्ध तीन असा हरला. सामन्यागणिक जवळजवळ तीन गुण मिळवणारा गडी असूनही संघ घरी गेला. या लेखाच्या प्रारंभी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तेव्हाच बर्फावर लिहिले गेले होते, असे आता म्हणावेसे वाटते.

पुढचा प्रकार समजण्यासाठी उत्तर अमेरिकेतील धंदेवाईक हॉकीची रीत ठाऊक हवी. नॅशनल हॉकी लीगमध्ये २०२३ साली ३२ संघ होते. नव्या मुलांची दरवर्षी उन्हाळ्यात निवड होते. आणि संघांची बळे फार विषम होऊ नयेत म्हणून मागे पडलेल्या संघांना आधी निवडू देतात. मात्र पहिला हक्क सोडतीने ठरतो, म्हणजे मुद्दाम हरण्याचा मोह कोणाला अगदीच होऊ नये. मुलाला पसंती विचारण्याची रीत नाही. ज्याच्या नावाची चिठ्ठी निघेल तो त्याचा यजमान. तात्पर्य, जो मुलगा सर्वांत गुणी, त्याला बहुधा सर्वांत दुबळ्या संघाकडे जावे लागते!

शिकागो ब्लॅकहॉक्स हा एके काळचा दिग्विजयी संघ. २०१०, २०१३ आणि २०१५ अशी तीन वेळा स्टॅन्ली चषकाची मानकरी असलेली ही मंडळी नंतर उतरणीला लागली होती. २०२२ मध्ये संघाने आपले चांगले तरुण गडी देऊन टाकून सारे घर नव्याने बांधावयास घेतले. फेब्रुवारी २०२३ मध्ये पॅट्रिक केनसारखा जुना खंदा वीरही न्यूयॉर्कला गेला. त्या मोसमात शिकागो शेवटून तिसरे आले. ८ मे २०२३ च्या सोडतीत शंभरात साडेअकरा एवढीच शक्यता असताना पहिला हक्क त्यांना लाभला, आणि २८ जून रोजी नॅशव्हिलमध्ये त्यांनी अपेक्षेप्रमाणे बेडार्डचे नाव पुकारले. अठराव्या वाढदिवशी त्याने तीन वर्षांच्या करारावर सही केली.

१० ऑक्टोबर २०२३ रोजी पिट्सबर्ग येथे तो प्रथम उतरला. समोर सिडनी क्रॉस्बी; याच क्रॉस्बीला पाहत कॅनडातील त्याची पिढी वाढली. त्या दिवशी कॉनरच्या नावावर साथीचा एक गुण लागला, दुसऱ्या दिवशी बॉस्टनमध्ये पहिला गोल. पुढे ५ जानेवारी २०२४ रोजी न्यू जर्सीविरुद्धच्या सामन्यात एक जबर धडक त्याला बसली आणि जबडा मोडला. शस्त्रक्रिया झाली, १४ सामने हुकले. फेब्रुवारीत तो जबड्याला संरक्षक कवच लावून परतला. मोसमाअखेर ६८ सामन्यांत २२ गोल आणि ६१ गुण, म्हणजे सर्व नवोदितांत अधिक. आणि उत्कृष्ट नवोदिताचे काल्डर पारितोषिकही त्यालाच.

आता दुसरी बाजू पाहा. हिशेबाचा आणखी एक आकडा या खेळात ठेवतात. गडी बर्फावर असताना त्याच्या संघाने गोल केला तर त्याच्या नावे एक अधिक, प्रतिपक्षाने केला तर एक उणे. संख्याबळाच्या फायद्याने झालेले गोल त्यात सहसा धरीत नाहीत. त्या पहिल्या मोसमात कॉनरचा आकडा होता उणे ४४. शिकागोने ८२ पैकी २३ सामने जिंकले. पुढच्या, २०२४-२५ च्या मोसमात त्याचे गुण ६७ झाले, पण मध्यंतरी सलग बारा सामने त्याला एकही गोल करता आला नाही. डिसेंबरात प्रशिक्षक बदलला गेला. संघाने जिंकलेले सामने २५. एकोणीस वर्षांच्या मुलाच्या पडलेल्या चेहऱ्यावर वर्तमानपत्रांतून चर्चा झाली.

उणे ४४ हा आकडा दाखवून कित्येकांनी मुलाला बोल लावला. तो अगदीच खोटा नव्हे. बचावात त्याचे चुकत होते, आणि पायांचा वेग हातांच्या मानाने कमी पडत होता. परंतु भोवतालचे चार गडी चकती राखू शकत नसतील, मागची फळी फुटत असेल, तर रोज वीस-वीस मिनिटे बर्फावर राहणाऱ्याच्याच नावावर उणे साचणार. तबलजी बेताल, पेटीवाला बेसूर आणि तंबोरा उतरलेला. अशा बैठकीत गवई कितीही तयारीचा असला तरी मैफल रंगत नाही. आणि रंगली नाही, की लोक नाव घेतात ते गवयाचेच.

मला त्याच्याविषयी खरा आदर वाटतो तो यानंतरच्या गोष्टीमुळे. २०२५ च्या उन्हाळ्यात त्याने आपल्या उण्या बाजूवर, म्हणजे पायांच्या वेगावर, मेहनत घेतली. जे येते तेच घोटण्याचा मोह हुशार मुलांना फार असतो. जे येत नाही त्याला हात घालणे हा स्वभावाचा भाग आहे. नव्या मोसमात पहिल्या ३१ सामन्यांत त्याने १९ गोल आणि ४४ गुण केले. मग १२ डिसेंबर रोजी सेंट लुईस येथे सामन्याच्या अगदी शेवटच्या क्षणी खांदा दुखावला, आणि पुन्हा बाकावर बसणे आले. जानेवारी २०२६ मध्ये तो पुन्हा बर्फावर उतरला.

शिकागोला सातव्यांदा चषक मिळवून देणारा म्हणून इतिहास त्याची नोंद करील, की पडत्या काळातला एकाकी गुणी गडी म्हणून, हे आज कोणी सांगू नये. सोडतीत त्याचे नाव निघाले यात त्याचे कर्तृत्व नव्हते, आणि संघ हरला यात त्याचा एकट्याचा दोष नव्हता. जबडा मोडल्यावर, बारा सामने कोरडे गेल्यावर, खांदा निखळल्यासारखा दुखत असताना, त्याने पुन्हा बुटांच्या नाड्या आवळल्या. तेवढे मात्र निखालस त्याचे स्वतःचे आहे. आपल्याकडचा एखादा पोरगा पहिल्या क्रमांकाचे बक्षीस घेऊन घरी आला, तर शाबासकी देताना ही गोष्ट त्याला अवश्य सांगावी.