शेतबंदर, मोराबंदर, राजबंदर

गेटवेहून सुटलेली लाँच तासाभरात घारापुरीच्या धक्क्याला लागते. उतरलेली गर्दी सरळ पायऱ्यांची वाट धरते. वर लेणी, साडेपाच मीटर उंचीचा त्रिमुख सदाशिव, मग त्याच पायऱ्या उतरून परतीची लाँच. बेटावर तीन गावं नांदतात, हे कितीकांना कळतही नाही. पहिल्या दोन खेपांना मीही असाच परतलो होतो. तिसऱ्या खेपेला पायऱ्या सोडून गावाच्या वाटेला लागलो, आणि आपण आजवर या बेटाचं एकच पान वाचत होतो हे लक्षात आलं.

शेतबंदर, मोराबंदर, राजबंदर. तिन्ही नावांत ‘बंदर’ आहे, आणि ते उगाच नाही. मोराबंदराच्या किनाऱ्याला रोमन बनावटीच्या मद्यकुंभांची खापरं सापडली आहेत. बेटावर उत्तर रोमन काळातली नाणी मिळाली, भरती-ओहोटीच्या पट्ट्यात जुन्या विटांचं बांधकाम आढळलं. पूर्वेकडच्या टेकडीवर विटांचा बौद्ध स्तूप आहे. सहाव्या शतकाच्या मध्यास शिवाचं लेणं कोरलं गेलं, पण त्याच्या कितीतरी आधीपासून इथे गलबतं लागत होती. बंदर होतं म्हणून पैसा होता, पैसा होता म्हणून एवढा कातळ पोखरता आला. लेण्यामुळे बेट मोठं झालं असं आपण समजतो. माझ्या मते ते नेमकं उलटं आहे.

लेणं कोणी कोरवलं, यावर अभ्यासकांचा वाद जुना आहे. कलचुरी राजा कृष्णराजाची नाणी बेटावर मोठ्या संख्येने मिळाल्याने बहुतेकांचा कौल कलचुरींकडे जातो. दुसऱ्या पुलकेशीने जहाजांचा ताफा नेऊन ‘पुरी’ नावाचं नगर घेतल्याचं इ. स. ६३४ च्या ऐहोळे शिलालेखात कोरलेलं आहे. ती पुरी म्हणजे हीच घारापुरी, असं काही जण मानतात. काही तिला दंडा-राजपुरीकडे नेतात. हा वाद मिटवू शकेल असा पुरावा कदाचित एका दगडावर होता. सोळाव्या शतकात लेण्यातला एक शिलालेख पोर्तुगीजांनी काढून राजाकडे पोर्तुगालला धाडला. तिथे तो कुणालाच वाचता आला नाही, अशी नोंद इतिहासकार दियोगो दो कोउतो याने केली आहे. पुढे त्या दगडाचा माग लागला नाही. या बेटाचं याहून मोठं नुकसान मला दिसत नाही. मूर्तींचे हात तुटले तरी मूर्ती ओळखता येते. तो लेख गेला आणि ज्यांनी हे घडवलं त्यांची नावंच गेली.

‘एलिफंटा’ हे नावही पोर्तुगीजांचंच. राजबंदराजवळ एका अखंड दगडात कोरलेला मोठा हत्ती उभा होता, त्यावरून ते पडलं. १८१४ मध्ये हत्तीची मान ढासळली, मागोमाग धडही कोसळलं. १८६४ मध्ये त्याचे तुकडे मुंबईत आणले गेले आणि १९१४ मध्ये ते पुन्हा जोडले. आज तो भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. सांधे नीट पाहिले तर कळून येतात. बेटावर आता हत्ती उरलेत ते दुकानांच्या फळ्यांवरचे, मुठीत मावतील एवढे.

गावांतली वस्ती मुख्यतः आगरी-कोळी, सारी मिळून हजार-बाराशे माणसं. थोडी शेती, थोडी मासेमारी, आणि बाकी सगळं लाँचमधून उतरणाऱ्यांवर. पाणी ओहोटीला लागलं की बायका खडकांवर कालवं फोडायला जातात. तालुका उरण, जिल्हा रायगड. म्हणजे सरकारी कागदासाठी एका दिशेचं पाणी ओलांडायचं आणि पोटासाठी दुसऱ्या. पोरांनी पुढे शिकायचं तर होडी, रात्री कुणाला कळा सुरू झाल्या तरी होडीच.

धक्क्यावर उभं राहिलं की समोर तुर्भ्याचा किनारा दिसतो. १९५६ मध्ये तिथे देशातली पहिली अणुभट्टी ‘अप्सरा’ सुरू झाली, आणि त्याच वर्षी तुर्भ्याचं औष्णिक वीजकेंद्रही. मुंबईच्या बाजूला जवाहर द्वीपावर तेलाचा तळ रात्रभर उजळलेला असतो. इकडे घारापुरीत संध्याकाळी डिझेल जनरेटर सुरू व्हायचा, तीन-साडेतीन तास चालायचा आणि बंद पडायचा. १९८७ मध्ये लेणी जागतिक वारशाच्या यादीत गेली. गावात कायमची वीज आली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये, समुद्रतळाखालून साडेसात किलोमीटर लांबीची केबल टाकून. या दोन घटनांत एकतीस वर्षं गेली, तेवढ्यात एक पिढी रॉकेलच्या उजेडात दहावीपर्यंत शिकून मोठी झाली. वारसा म्हणून आपण नेमकं काय जपत होतो, हा प्रश्न मला इथे फार टोचतो. दगडाची काळजी घ्यायलाच हवी. पण महाशिवरात्रीला होड्या भरभरून माणसं येतात, गाभाऱ्यातल्या लिंगावर बेल वाहतात, तेव्हाच ते लेणं पुन्हा देऊळ होतं.

पायऱ्यांच्या मध्यावर एक मावशी आवळे, कैरी, चिंचा मांडून बसल्या होत्या. एका हातात वानरांसाठी काठी, दुसऱ्या हाताने कैरीच्या फोडींना तिखट-मीठ लावणं चालू. मी आवळे घेतले. कागदातला एक आवळा बोटांत फिरवताना त्याच्या उभ्या रेघांवर नजर खिळली. वर लेण्यातल्या खांबांचा माथा असाच आहे: दाबून चपटा केलेला, उभ्या पन्हाळींचा गोल; शिल्पशास्त्रात त्याला आमलक म्हणतात. ज्याने पहिल्यांदा तो घडवला, त्याच्या हाताशीही असाच एखादा आवळा असेल. मावशींना हे सांगितलं, तर त्या जराही चकित झाल्या नाहीत.

“म्हायतेय ना,” त्या म्हणाल्या. “लहानपणी आम्ही खांबाखाली लपाछपी खेळायचो, तवा त्याला आवळाच म्हणायचो.”

ऊन कलायला लागलं तशी त्यांनी टोपली आवरायला घेतली. खाली धक्क्यावरून भोंगा वाजला.

“पळ दादा, शेवटची लाँच चुकवू नको,” त्या म्हणाल्या. “रातचं बाहेरच्या माणसाला इथं ऱ्हाया देत नाय.”

टोपली डोक्यावर घेऊन त्या शेतबंदराच्या वाटेला लागल्या, मी धक्क्याच्या.