मालिकेतील मधला भाग

भा. रा. भागवतांनी फुरसुंगीच्या बनेश फेणेवर, म्हणजेच 'फास्टर फेणे'वर, २० पुस्तके लिहिली. एवढा संच घरोघरी विकत घेतला जाणे कठीण. म्हणून बहुतेक मुलांना तो भेटतो सार्वजनिक ग्रंथालयात, आणि तेथे पहिले पुस्तक क्वचितच हाती लागते. कपाटात उरलेले सातवे वा बारावेच घरी येते. या कथा स्वतंत्र असल्याने त्याने बिघडत नाही. ना. धों. ताम्हनकरांच्या 'गोट्या'चे तीन भाग मात्र क्रमानेच वाचावेत. त्या अनाथ मुलाचे घरचे होणे मधूनच कसे उमगणार?

खरी अडचण हरवलेल्या भागाची आहे. दुसरा भाग गहाळ झाला की तिसरा कपाटात असूनही वाचला जात नाही. न वाचलेली पुस्तके पुढे बाद होतात, आणि एका प्रतीपायी सारी मालिका नव्या वाचकांच्या दृष्टीआड जाते. सुटा जुना भाग बाजारात सहज मिळतही नाही.

पालकांनी मलपृष्ठावरील वा आरंभीची यादी मुलाकडून वहीत उतरवून घ्यावी. हवा तो भाग बाहेर गेला असल्यास ग्रंथपालांकडे मागणी नोंदवावी. तो नोंदवहीत असून कपाटात नसल्यास तसे सांगावे. (वाचक सहसा न बोलताच परततात, हे नवल!) आणि घरातील माळ्यावर ग्रंथालयाचा शिक्का असलेला एखादा दुसरा भाग धूळ खात पडला आहे काय, हेही एकदा पाहावे.