परवाना मालकाचा, काळजी आपली

मुलाला इंग्लंडात नोकरी लागल्याचे पत्र आले की घरात पेढे वाटले जातात. वडील भविष्यनिर्वाह निधीचे अर्ज भरू लागतात, आई पाटल्या मोडण्यास सिद्ध होते. पण ज्याने नोकरी देऊ केली, त्याला परदेशातून माणूस बोलावण्याची अनुज्ञा आहे काय, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. वास्तविक तोच प्रथम विचारावयास हवा.

ब्रिटनमध्ये कोणताही मालक मनात आले म्हणून परक्या देशातील कुशल कामगार आणू शकत नाही. त्याला आधी तेथील गृहखात्याकडून ‘स्पॉन्सर’ म्हणून परवाना घ्यावा लागतो. १ डिसेंबर २०२० पासून ‘स्किल्ड वर्कर’ या नावाने ही पद्धती चालू आहे. आपला व्यवसाय खरा व कायदेशीर आहे, हे मालकाने कागदपत्रांनिशी सिद्ध करावयाचे असते. परवान्याची जबाबदारी वाहणारा एक वरिष्ठ अधिकारी त्याला नेमावा लागतो. गृहखात्याचे निरीक्षक प्रत्यक्ष जागेवर येऊन पाहणी करू शकतात.

परवाना मिळाला म्हणजे काम संपले असे नव्हे. भारतातून येणाऱ्या प्रत्येक माणसासाठी मालकाला काम आणि वेतन यांचा तपशील देऊन स्वतंत्र दाखला मागावा लागतो. हा दाखला म्हणजे सहीशिक्क्याचा कागद नसून सरकारी नोंदीतील एक क्रमांक असतो. तो मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत उमेदवाराने व्हिसासाठी अर्ज करावयाचा. २२ जुलै २०२५ पासून नव्या उमेदवारांसाठी काम सर्वसाधारणपणे पदवीच्या दर्जाचे असावे लागते. वार्षिक वेतन ४१,७०० पौंड किंवा त्या व्यवसायाचा ठरलेला दर, यांपैकी जे अधिक ते असावे, असा सामान्य नियम आहे. त्याला काही अपवाद आहेत. त्याच दिवसापासून वृद्ध व रुग्ण यांच्या शुश्रूषेसाठी परदेशातून नवे सेवक नेण्याचा मार्गही बंद झाला. तरीही त्या कामाचे आमिष कोणी दाखवू लागल्यास सावध व्हावे.

आता पैशाची गोष्ट. परदेशी कामगार आणणाऱ्या मालकावर २०१७ पासून जो कौशल्य-आकार बसतो, तो कामगाराकडून वसूल करण्यास मनाई आहे. ३१ डिसेंबर २०२४ पासून दिलेल्या दाखल्यांचे शुल्क आणि परवान्याचा खर्च यांनाही तोच नियम लागू आहे. व्हिसाचे शुल्क व आरोग्य-अधिभार मात्र उमेदवाराने भरणे नियमास धरून आहे. म्हणून ‘दाखल्यासाठी इतके लाख द्या’ असे सांगणारा मध्यस्थ दारी आला, तर त्याला तेथूनच नमस्कार करावा.

परवानाधारकांची यादी ब्रिटिश सरकार प्रसिद्ध करते. ती कोणालाही विनामूल्य पाहता येते. यादीत नाव नसेल तर पुढे पाऊल टाकू नये. नाव असले तरी त्या नावाचा दुसराच कोणी उपयोग करीत नाही ना, याची खात्री त्या संस्थेच्या मूळ पत्त्यावर स्वतः विचारणा करून घ्यावी.

ही चिकित्सा संशयी स्वभावाची म्हणून कोणी हसेल. पण मालकाचा परवाना रद्द झाल्यास निर्दोष कामगारालाही सामान्यतः साठच दिवसांची मुदत मिळते. तेवढ्यात नवा परवानाधारक मालक शोधावयाचा किंवा दुसरा कायदेशीर मार्ग काढावयाचा, नाहीतर परतावयाचे! पाटल्या मोडण्यापूर्वी एक सायंकाळ ती यादी चाळण्यात घालविली, तर ती वाया गेली असे कोण म्हणेल?