ऐकू येतं कमी, दिसतंही कमी

ओमानच्या मस्कतमध्ये अंध मुलांसाठी उमर बिन अल-खत्ताब संस्था आहे आणि कर्णबधिरांसाठी अल-अमल शाळा. पण खुणांची भाषा पाहावी लागते आणि ब्रेलचा धडा ऐकून समजून घ्यावा लागतो. बधिरांध, म्हणजे ऐकू आणि दिसायलाही कमी असलेल्या मुलाला दोन्ही वाटा अर्ध्याच उघड्या. त्याच्या तळहातावर खुणा करून शिकवणारा शिक्षक हवा, तोही जवळजवळ एका मुलामागे एक.

बधिरांधपणाचं एक कारण रुबेला. गरोदरपणाच्या सुरुवातीला आईला तो झाला तर बाळाला मोतीबिंदू, बहिरेपण आणि हृदयदोष एकत्र येऊ शकतात. ओमानने १९९४ साली १५ महिने ते १८ वर्षे वयाच्या मुलांना गोवर-रुबेलाची लस टोचली. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिथे दोन्ही रोगांचं निर्मूलन झाल्याचं मान्य केलं. (महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीची मोहीम सुरू झाली नोव्हेंबर २०१८ मध्ये!)

दुसरं कारण, लस जिथे चालत नाही, तो अशर सिंड्रोम. आई-वडील दोघांकडून सदोष जनुक आलं तरच तो होतो. म्हणून नात्यातली लग्नं सर्रास होणाऱ्या ओमानमध्ये त्याचा धोका अधिक. मूल बहुधा जन्मतःच बहिरं किंवा कमी ऐकू येणारं असतं, दृष्टी पुढे हळूहळू जाते. पहिली खूण बहुधा रातांधळेपणाची. कर्णबधिर मूल अंधारात अडखळू लागलं, तर धांदरट म्हणून रागावू नका. नेत्रतज्ज्ञांकडून दृष्टिपटल तपासून घ्या.