‘तुम्ही कोणत्या प्रकारचे नेते?’ या प्रश्नात काय चुकतं

मोबाइलवर दहा-बारा प्रश्नांची उत्तरं द्यायची, शेवटचं बटण दाबायचं आणि निकाल वाचायचा: ‘अभिनंदन, तुम्ही लोकशाहीवादी नेते आहात!’ कंपनीच्या प्रशिक्षणात हेच छापील कागदावर असतं, एवढाच फरक. मग चहाच्या वेळी ‘तुझं काय आलं?’ अशी विचारपूस सुरू होते. ज्याचं ‘हुकूमशाही’ आलेलं असतं तो थोडा ओशाळतो, आणि ज्याचं ‘मोकळीक देणारा’ आलं, त्याला आपण आळशी ठरलो की उदार, हे कळत नाही.

ही तीन नावं आली कुठून, ते पाहिलं की चाचणीतली गोम लक्षात येते.

गैरसमज: शैली आपल्या आत दडलेली असते, फक्त ओळखायची असते

नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडून अमेरिकेत आलेले कुर्ट लेविन हे मानसशास्त्रज्ञ १९३०च्या दशकात आयोवात काम करत होते. रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी दहा वर्षांच्या आसपासच्या मुलांचे छंदगट तयार केले. शाळा सुटल्यावर मुलं जमायची, मुखवटे वगैरे बनवायची. प्रत्येक गटावर एक मोठा माणूस नेता म्हणून होता. एका पद्धतीत नेता सगळं स्वतः ठरवायचा आणि पुढची पायरी काय हेही आधी सांगायचा नाही. दुसरीत मुलांशी चर्चा करून काम ठरायचं. तिसरीत नेता नावापुरता. विचारलं तर सांगायचा, नाहीतर गप्प. या प्रयोगाचा अहवाल १९३९ साली प्रसिद्ध झाला आणि तिथून हे त्रिकूट जगभर गेलं.

निकाल पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतात. हुकमी नेत्याच्या हाताखाली निमूट राहणाऱ्या गटात मुलांचा ७४ टक्के वेळ कामात जायचा, पण नेता खोलीबाहेर गेला की हाच आकडा २९वर यायचा. चर्चा करणाऱ्या नेत्याच्या गटात तो ५० होता आणि नेता नसतानाही ४६ राहायचा. साहेब रजेवर गेल्यावर कचेरीत काय होतं हे ज्याने पाहिलंय, त्याला या आकड्यांचं नवल वाटणार नाही.

नवल आहे ते प्रयोगाच्या रचनेत, आणि नेमकं तेच सांगायचं राहून जातं. नेते होते चार. ठरावीक आठवड्यांनी त्यांचे गट बदलायचे आणि शैलीही बदलायची. आज हुकूम सोडणारा माणूस पुढच्या फेरीत मुलांबरोबर बसून मतं विचारायचा. शैली शिकवून, ठरवून घेतलेली होती. स्वभावाचा परिणाम शैलीच्या परिणामात मिसळू नये, म्हणून तर हा खटाटोप. म्हणजे स्वभावाची चाचणी घेऊन आपल्याला ज्या तीन पेट्यांत घातलं जातं, त्या पेट्या मुळात स्वभाव बाजूला काढूनच बनवलेल्या होत्या.

तरीही स्वभावाला अर्थ नाही असं म्हणणं दुसऱ्या टोकाला जाण्यासारखं आहे. गाणाऱ्याची पट्टी असते तसा हा प्रकार आहे. पट्टी बरीचशी ठरलेली असते, पण त्या पट्टीत कोणता राग गायचा, हे वेळ आणि मैफल पाहून ठरतं. संतापी माणसाला शांतपणे ऐकून घेणं जमतं, फक्त त्याला जास्त श्रम पडतात. भिडस्त माणूस कठोर निर्णय देऊ शकतो, पण आदल्या रात्री त्याची झोप उडते. स्वभावातून कळतं ते एवढंच: कोणती शैली आपल्याला स्वस्त पडते आणि कोणती महाग.

गैरसमज: चाचणीने दिलेली चार अक्षरं म्हणजे आपला पत्ता

सोळा प्रकारांची मायर्स-ब्रिग्ज चाचणी आता लग्नाच्या स्थळांपर्यंत पोहोचली आहे. कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इझाबेल मायर्स यांनी ती बनवली. दोघींनीही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं. आधार होता कार्ल युंग यांच्या १९२१च्या पुस्तकाचा. अडचण त्यांच्या शिक्षणाची नाही, मापाची आहे. बहुतेक माणसं बोलकेपणा आणि अबोलपणा यांच्या मधे कुठेतरी असतात. चाचणी मधोमध रेघ मारते आणि रेघेच्या अलीकडच्याला एक अक्षर, पलीकडच्याला दुसरं देते. रेघेजवळच्या माणसाने पाच आठवड्यांनी पुन्हा उत्तरं दिली की अक्षर बदलू शकतं. जवळपास निम्म्या लोकांचा प्रकार असा बदलल्याचं संशोधकांना आढळलं आहे. भरतीसाठी ही चाचणी वापरू नका, असं तिचे प्रकाशकच सांगतात. गप्पांना विषय म्हणून ती उत्तम आहे, टीम लीडर नेमताना मात्र कपाटात ठेवावी.

गैरसमज: चारचौघांत बोलतो तोच नेता

हा समज सर्वांत जुना आणि सर्वांत चिवट. त्यात थोडं तथ्यही आहे. २००२ साली टिमोथी जज आणि सहकाऱ्यांनी आधीचे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले. बहिर्मुखता आणि नेतृत्व यांचा सहसंबंध त्यांना ०.३१ मिळाला. व्यक्तिमत्त्वाच्या पाच प्रमुख पैलूंमध्ये हा सर्वांत जास्त, तरी एकूणात मध्यमच. शिवाय बोलका माणूस नेता म्हणून निवडला जाण्याशी या गुणाचं नातं जास्त घट्ट होतं. निवडून आल्यावर काम चांगलं करण्याशी तेवढं नव्हतं. सोसायटीच्या वार्षिक सभेत सचिव कोण होतो आणि वर्षभर टाकीच्या गळतीमागे कोण धावतं, हे आठवलं तरी पुरे.

२०११ मध्ये अ‍ॅडम ग्रँट आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एका पिझ्झा साखळीची ५७ दुकानं अभ्यासली. कर्मचारी सांगितलेलं तेवढंच करणारे असतील, तिथे बोलक्या मॅनेजरच्या दुकानांचा नफा सरासरीपेक्षा १६ टक्के जास्त होता. पण कर्मचारी स्वतःहून कल्पना सुचवणारे असले, की त्याच बोलक्या मॅनेजरचा नफा १४ टक्क्यांनी कमी. कारण समजण्यासारखं आहे: ज्याला बोलायची हौस, त्याला दुसऱ्याची सूचना आव्हानासारखी वाटते. अबोल मॅनेजर ती ऐकतो आणि राबवतो.

आपल्याकडचं उदाहरण क्रिकेटपटू अजित वाडेकरांचं. निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने पतौडींच्या जागी ते भारताचे कर्णधार झाले, तेव्हा अनेकांच्या भुवया उंचावल्या. पतौडींचा दरारा, ऐट यांतलं वाडेकरांकडे काही नव्हतं. बँकेत नोकरी करणारा, मोजकं आणि जरा तिरकस बोलणारा हा मुंबईकर. १९७१च्या वेस्ट इंडिज दौऱ्यात किंग्स्टनच्या पहिल्या कसोटीचा पहिला दिवस पावसात गेला. मडगावच्या दिलीप सरदेसाईंच्या २१२ धावांमुळे भारताने ३८७ केल्या आणि वेस्ट इंडिजचा डाव २१७वर संपला. आघाडी १७०ची. एरवी फॉलोऑनला २०० लागतात, पण सामना चार दिवसांचा झाल्यामुळे १५० पुरतात, हा नियम वाडेकरांच्या लक्षात होता. त्यांनी सरळ जाऊन वेस्ट इंडिजचे कर्णधार गॅरी सोबर्स यांना सांगितलं, तुम्ही पुन्हा फलंदाजीला या. ना आरडाओरडा, ना भाषण. सामना अनिर्णित राहिला, पण मालिका भारताने जिंकली आणि त्याच वर्षी इंग्लंडमधलीही. ओव्हलच्या शेवटच्या दिवशी वाडेकर सुरुवातीलाच धावबाद झाले आणि ड्रेसिंग रूममध्ये चक्क झोपून गेले. जिंकल्यावर इंग्लंडचे माजी खेळाडू केन बॅरिंग्टन यांनी त्यांना उठवलं.

शांत नेतृत्वाची ही कौतुकाची गोष्ट इथे थांबवण्याचा मोह होतो, आणि लेखांमधून ती बहुधा इथेच थांबते. पण १९७४ साली हेच वाडेकर, याच स्वभावानिशी, पुन्हा इंग्लंडला गेले. उन्हाळ्याची सुरुवात, थंडी, ओलसर खेळपट्ट्या; फिरकीवर उभ्या असलेल्या संघाला हे मानवलं नाही. संघात कुरबुरीही होत्या. लॉर्ड्सवर भारताचा डाव ४२ धावांत आटोपला, मालिका ०-३ अशी गेली आणि मुंबईत त्यांच्या घरावर दगडफेक झाली. त्यानंतर त्यांची कसोटी कारकीर्द संपली. तीन वर्षांत माणूस बदलला नव्हता. १९७१मध्ये ‘संयमी’ वाटलेला अबोलपणा १९७४मध्ये ‘निष्क्रिय’ ठरला. आपल्या स्वभावाला कोणती शैली शोभते, एवढाच प्रश्न विचारला की अर्धंच उत्तर मिळतं ते यामुळे. काम कोणतं, माणसं कोणती, मोसम कोणता, हे उरलेलं अर्धं.

गैरसमज: सर्वांना विचारून चालणारी शैलीच खरी चांगली

आयोवाच्या प्रयोगातल्या वीसपैकी एकोणीस मुलांना चर्चा करणारा नेता जास्त आवडला होता. त्यावरून सर्वत्र तेच चालेल असं मानलं गेलं. पाटण्याचे मानसशास्त्रज्ञ जे. बी. पी. सिन्हा यांना भारतीय कचेऱ्यांत आणि कारखान्यांत वेगळं दिसलं. साहेबाने पहिल्याच दिवशी ‘तुम्हीच ठरवा’ म्हटलं, तर हाताखालच्यांना तो कच्चा वाटे. त्यांना वडीलधाऱ्याचा आधार हवा असे, पण नुसते लाड केले तर काम होत नसे. १९८०च्या पुस्तकात सिन्हांनी मधली वाट मांडली: नेता जिव्हाळा देतो, पण काम करणाऱ्याला, आणि माणसं तयार होत जातील तसतसा निर्णय त्यांच्याकडे सोपवत जातो. बचत गट सुरू करून देणाऱ्या कोणत्याही अनुभवी ताईंना विचारा. पहिल्या वर्षी वह्या त्या स्वतः तपासतात, पुढे फक्त हजर राहतात. याला शैली बदलली म्हणायचं की तीच शैली मोठी झाली, हा वाद तज्ज्ञांनी करावा.

२००० साली डॅनियल गोलमन यांनी ३,८७१ अधिकाऱ्यांच्या माहितीवरून सहा शैली मांडल्या. चार किंवा अधिक शैली सहज वापरणाऱ्यांच्या हाताखालचं वातावरण आणि कामगिरी सर्वांत चांगली होती. दरडावणारी शैली एकूणात नुकसान करते, पण संकटात तीही लागते. ‘माझ्यासारखं पळा’ म्हणणारीही बहुतेकदा माणसांना दमवते. हुशार आणि कष्टाळू माणूस बढती मिळाल्यावर हमखास याच खड्ड्यात पडतो.

मग स्वतःला ओळखायचं कसं?

‘मी लोकांचं ऐकून घेतो का?’ याला ‘नाही’ असं उत्तर देणारा माणूस विरळा. मानसशास्त्रज्ञ फ्रेड फिडलर यांची युक्ती म्हणूनच चतुर वाटते. त्यांच्या प्रश्नावलीत स्वतःबद्दल काही विचारलेलंच नाही. ज्याच्याबरोबर काम करणं सर्वांत अवघड गेलं, असा एक सहकारी आठवायचा आणि तो प्रेमळ की रुक्ष, मोकळा की आतल्या गाठीचा, असे गुण द्यायचे. त्यालाही बरे गुण देणारा माणूस नात्यांकडे झुकलेला. कामात त्रास दिला म्हणून माणूसच वाईट ठरवणारा कामाकडे. फिडलरांच्या मते हा कल सहसा बदलत नाही, म्हणून माणूस बदलण्याऐवजी त्याला जुळणारी परिस्थिती शोधावी. त्यांच्या सिद्धान्तावर टीका बरीच झाली, पण कागद घेऊन हा प्रयोग एकदा करून पाहावा. निकाल गोड नसतो.

त्याहून सोपी पाहणी म्हणजे, आपण आठवडाभर नसताना काय अडलं ते बघायचं. सगळंच अडलं तर एक दुखणं, कुणाला आपली आठवणही झाली नाही तर दुसरं. आणि कोणतं काम आपण सतत उद्यावर ढकलतो, तेही लिहून काढायचं: कुणाला नाही म्हणणं, हिशोब मागणं, की चार लोकांसमोर उभं राहणं. ढकललेलं काम शिकायचं, किंवा ते ज्याला सहज जमतं त्याला बरोबर घ्यायचं. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्यात दुसरी वाट दिसते. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील गावोगाव फिरून शेतकऱ्यांना भागधारक करत होते. बँका आणि सरकार यांच्याशी कागदोपत्री बोलण्यासाठी लागणारं अर्थशास्त्र आणि वजन धनंजयराव गाडगीळांकडे होतं. पुण्यातली गोखले संस्था चालवणाऱ्या या अर्थतज्ज्ञाला शेतकऱ्यांनी आपल्या कारखान्याचा पहिला अध्यक्ष केलं, आणि विखे पाटील त्यांच्याबरोबर उपाध्यक्ष म्हणून राहिले.