'शिष्ट' म्हटल्यावर थँक यू म्हणू नये!

फर्स्ट इयरची गोष्ट. लोकलच्या लेडीज डब्यात समोरच्या मुलीने भेळेचा कागद पुढे केला. मी म्हटलं, "नको, आभारी आहे." त्यावर ती शेजारणीला म्हणाली, "शिष्टच आहे गं ही!" आणि मी, दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये वाढलेली, चक्क हसून "थँक यू" म्हणाले! मराठीच्या पुस्तकात शिष्टाचार, शिष्टमंडळ, श्रीकृष्णाची शिष्टाई एवढंच वाचलेलं. त्यामुळे शिष्ट म्हणजे सभ्य, वेल-मॅनर्ड असाच माझा समज. देहूरोडपासून आकुर्डी येईपर्यंत डबा हसत होता.

ती मुलगी पुढे माझी जिवलग मैत्रीण झाली. पण तेव्हापासून मला एक नाद लागला. जरा जास्तच नीट वागणाऱ्या, जास्तच टापटिपीच्या, प्रत्येक गोष्टीत नाक मुरडणाऱ्या माणसाला मराठीत काय काय म्हणतात ते गोळा करायचं. इंग्रजीत असे शब्द मला पंचवीस येतात, मग मायबोलीत का येऊ नयेत?

सुरुवात अर्थात शिष्टपासूनच. हा शब्द संस्कृतमधल्या 'शास्' धातूचा. शासन, शास्त्र, शिष्य ही सगळी त्याचीच भावंडं. शिष्ट म्हणजे ज्याला वळण लावलेलं आहे तो. पतंजलीने महाभाष्यात शिष्ट कोण ते सांगितलंय. घरात जेमतेम एक घडाभर धान्य ठेवणारा, हाव नसलेला आणि विद्येत पारंगत असलेला. म्हणजे हा माणूस एकदम साधा! तोच शब्द आमच्या लोकलमध्ये येईपर्यंत 'आखडू' या अर्थाचा कसा झाला? मला वाटतं, फार नीट वागणाऱ्याच्या शेजारी बसलं की आपण गबाळे वाटायला लागतो, आणि त्याचा राग आपण शब्दावर काढतो. गंमत म्हणजे जुना अर्थ मेलेला नाही. लिहिताना शिष्टमंडळ मंत्र्यांना भेटतं तेव्हा ते चांगलंच असतं. बोलताना "शिष्टपणा करू नकोस" म्हटलं की मात्र शिवीच. कागदावर एक, तोंडी दुसरं!

मग 'शिस्त'? मी खुशाल समजत होते की शिष्टचीच ती चुलत बहीण. अजिबात नाही. शिस्त आली फारसीतून आणि तिचा मूळ अर्थ नेम! हे मला डिक्शनरीच्या आधी एनसीसीने शिकवलं. फायरिंगला पालथं पडल्यावर उस्ताद ओरडतात, "शिस्त लो!" तेव्हा मला वाटायचं, पडल्या पडल्या कसली शिस्त पाळू? ते सांगत होते, नेम धर. घरी येऊन मोल्सवर्थचा कोश (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) पाहिला, तर तिथेही शिस्तीला नेमाचा अर्थ दिलेला. आमचं देहूरोड कॅन्टोन्मेंटचं गाव, दारूगोळ्याचा डेपो असलेलं. तरी गावात सतत ऐकू येणाऱ्या शब्दात बंदूक लपली आहे हे वीस वर्षांत कळलं नव्हतं!

'काटेकोर' हा आपल्या ब्रँचवाल्यांचा शब्द. यातला काटा मला तरी तराजूचा दिसतो, कारण त्याच्या शेजारी 'काटेतोल' उभा आहे. काटेकोर असणं वाईट नाही. बेअरिंग बसवायचं तर शाफ्ट मायक्रॉनमध्येच मोजावा लागतो. पण फाटकाच्या बिजागरीला तोच टॉलरन्स मागणारा माणूस? त्याला किरकिरा म्हणतात. फिटिंग शॉपमध्ये ज्यांचा जॉब तीनदा परत आलाय त्यांना फरक सांगायला नको. 'चोखंदळ' मात्र त्याहून वरच्या दर्जाचा. तो निवडतो, पण कटकट करत नाही. आणि 'नाकाने कांदे सोलणारा' सगळ्यात खालचा. त्याचा स्वतःचा काटा कुठेही असो, दुसऱ्याला सोज्वळपणा शिकवतो. (पेठी, साजूक तुपातला वगैरे शब्द पुण्याच्या मुलांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत, म्हणून सोडून देते.)

आता 'सोवळा'. हा शब्द मी सगळ्यात हौसेने वापरायचे. ग्रुपमधली एक मुलगी कुणालाही आपल्या बाटलीला तोंड लावू देत नाही. मी एकदा लोकलमध्ये म्हटलं, "बाई फारच सोवळी आहे!" सगळ्या हसल्या. माझी भेळवाली मैत्रीण हसली नाही. उतरताना एवढंच म्हणाली, "तो शब्द आमच्या आजीला विचार एकदा."

विचारला. आजी म्हणाल्या, त्यांच्या लहानपणी गावात पाणी वरून ओंजळीत ओतलं जायचं, भांड्याला हात लागू नये म्हणून. ओतणारी बाई सोवळ्यात असायची. मी खाली बघत बसले. मग वाचायला लागले. सोवळं म्हणजे आधी नुसतं धुऊन, कुणी शिवणार नाही असं उंच दांडीवर वाळवलेलं वस्त्र किंवा रेशमी मुकटा. ते नेसून स्वयंपाक, पूजा. तोवर ठीक. पण 'सोवळी' म्हणजे केशवपन केलेली विधवा, असाही अर्थ कोशात आहे. माझ्या बाटलीवाल्या मैत्रिणीला मी काय म्हणून बसले होते!

या सोवळ्याने भल्याभल्यांना सोडलेलं नाही. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमध्ये एक कार्यक्रम झाला. न्यायमूर्ती रानडे, टिळक, गोखले अशी मंडळी हजर होती. मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटं दिली. कुणी घेतली, कुणी नुसती समोर ठेवली. गोपाळराव जोशींनी (डॉ. आनंदीबाईंचे पती) हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव'मध्ये छापून आणली आणि एवढा गदारोळ झाला की प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. एका कप चहासाठी चौकशी! टिळकांनी काशीला प्रायश्चित्त घेतलं होतं, रानड्यांनी १८९२ मध्ये घेतलं. मिशनच्या शाळेत रोज डबे वाटून खाल्लेल्या मला हे वाचून आधी हसूच आलं. मग लक्षात आलं, यांना निदान प्रायश्चित्त घेऊन परत आत येता येत होतं. ओंजळीने पाणी पिणाऱ्याला कुठलं प्रायश्चित्त होतं?

लहानपणी २५ डिसेंबर म्हणजे माझ्यासाठी नाताळची सुट्टी, केक, आणि देहूरोडला का कोण जाणे खूप गर्दी. ती गर्दी कशाची ते मी कधी विचारलंच नव्हतं. २५ डिसेंबर १९५४ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आमच्याच देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली, धर्मांतराच्या जवळजवळ दोन वर्षं आधी. मैत्रिणीच्या घरचे दरवर्षी तिथे जातात. गेल्या डिसेंबरात मीही गेले, आजींचा हात धरून.

'सोवळा' मी शब्दसंग्रहातून काढलेला नाही, पण विनोद म्हणून वापरत नाही. बाटलीवालीसाठी दुसरा शब्द हवाय. 'चोखंदळ' तिला फार मोठा होतो, 'किरकिरी' म्हटलं तर ती रडेल. हॉस्टेलवर नागपूर, जळगाव, कोल्हापूर, रत्नागिरीकडची इतकी मंडळी आहेत. तुमच्याकडे अशा माणसाला काय म्हणतात ते चिठ्ठीवर लिहून मराठी विभागाच्या पेटीत टाका. गावाचं नाव लिहायला विसरू नका.